तिन्हीसांजेच्या घारी

शिकारी पक्षी पाहायचे तर दूरच्या अभयारण्यात गेले पाहिजे, हा समज पुण्यात तरी टिकायला नको. कारण शुक्रवार पेठेतील महात्मा फुले मंडईच्या दगडी इमारतीभोवती दिवसभर जी वर्दळ चालते, तिच्या डोक्यावर तेवढ्याच नेमाने घारींचीही ये-जा चालू असते आणि ती पाहायला मान वर करण्यापलीकडे काही करावे लागत नाही. मात्र पाहणे आणि ओळखणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुपारच्या लख्ख उन्हात जो पक्षी तपकिरी, पिवळ्या पायांचा आणि दुभंगलेल्या शेपटीचा दिसतो, तोच सूर्य टेकल्यावर निव्वळ एक काळी आकृती होतो आणि त्याच वेळी आकाशात कावळे, बगळे, वटवाघळे अशा इतरही काळ्या आकृत्यांची गर्दी होते. या गर्दीतून घार नेमकी वेगळी काढता येणे ही शिकारी पक्ष्यांच्या निरीक्षणातली पहिली आणि फार उपयोगी इयत्ता आहे, आणि ती तिन्हीसांजेला मंडईत उभे राहून पूर्ण करता येते.

मंडईची इमारत १८८६ मध्ये लोकांसाठी खुली झाली, तेव्हा मुंबई इलाख्याचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्यावरून तिला रे मार्केट असे नाव होते. मधोमध अष्टकोनी मनोरा आणि त्यापासून चहूबाजूंना फुटलेल्या दगडी पाख्या अशी तिची रचना आहे. ज्या जोतीराव फुल्यांचे नाव पुढे तिला मिळाले, ते १८७६ ते १८८३ या काळात पुणे नगरपालिकेचे सदस्य होते आणि लोकांच्या करातला पैसा या इमारतीवर खर्च करण्यास त्यांनी विरोध केला होता, हा इतिहास पुणेकरांना ठाऊक आहे. पक्षीनिरीक्षकाच्या दृष्टीने या वास्तूचे महत्त्व निराळे आहे. आजूबाजूच्या पेठांत उंच इमारती वाढल्या असल्या, तरी मंडईच्या पुढच्या मोकळ्या जागेतून आकाशाचा बऱ्यापैकी मोठा तुकडा अजून दिसतो, आणि त्या तुकड्यात मनोरा व तुळशीबागेतील राममंदिराचे शिखर अशा दोन ठाशीव खुणा आहेत. पक्षी किती उंचीवर आहे, कोणत्या दिशेने सरकतो आहे आणि एका जागी घिरट्या घालतो आहे की निघून चालला आहे, हे अशा अचल खुणांशी ताडून पाहिल्याशिवाय कळत नाही. नुसत्या मोकळ्या आभाळात अंदाज हमखास चुकतो.

भारतातल्या शहरी घारीचे शास्त्रीय वर्णनही याच मुलखातून झाले आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यातील अधिकारी विल्यम हेन्री साइक्स यांची १८२४ मध्ये मुंबई सरकारने दख्खनच्या पाहणीसाठी नेमणूक केली. लोकसंख्या, शेती, हवामान यांच्या नोंदी करता करता त्यांनी येथील पक्ष्यांचीही तपशीलवार यादी तयार केली आणि ती १८३२ मध्ये लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेच्या कार्यवृत्तात छापली गेली. त्या यादीत त्यांनी दख्खनमधील घारीला ‘मिल्वस गोविंदा’ असे नाव दिले. पुढे ही घार म्हणजे युरोप, आफ्रिका, आशिया आणि ऑस्ट्रेलिया इतक्या विस्तीर्ण प्रदेशात पसरलेल्या ‘मिल्वस मायग्रन्स’ या जातीचीच एक उपजात आहे असे ठरले, आणि आज तिचे पूर्ण नाव ‘मिल्वस मायग्रन्स गोविंदा’ असे लिहिले जाते. उपजात म्हणजे एकाच जातीतला असा प्रादेशिक गट, की ज्याचा आकार किंवा रंगरूप इतर प्रदेशांतील भाईबंदांपेक्षा थोडे पण सातत्याने वेगळे असते. स्वयंपाकघरातून घरात नेल्या जाणाऱ्या मांसाच्या ताटावरही ही घार झडप घालायला कचरत नाही, अशी नोंद साइक्स यांनी केली आहे. पावणेदोनशेहून अधिक वर्षांनी मासळी बाजाराच्या आसपास उभ्या राहणाऱ्या कोणालाही त्या नोंदीचा पडताळा मिळतो. ज्या पक्ष्याकडे ‘काय, घारच तर आहे’ म्हणून काणाडोळा केला जातो, त्याच्या भारतीय उपजातीचे मूळ वर्णन दख्खनचे आहे, याचा पुण्यातील पक्षीमित्रांना अभिमान वाटायला हवा.

शिकारी पक्ष्यांची संध्याकाळची ओळख या विषयावर जगभर जे लिहिले जाते, त्यात अमेरिकेच्या पांढऱ्या डोक्याच्या गरुडाचा, म्हणजे बाल्ड ईगलचा, उल्लेख वारंवार येतो. १७८२ पासून अमेरिकेच्या राजमुद्रेवर असलेला आणि डिसेंबर २०२४ मध्ये कायद्याने राष्ट्रीय पक्षी ठरलेला हा गरुड अलास्का व कॅनडापासून मेक्सिकोच्या उत्तर भागापर्यंत आढळतो. भारतात तो येत नाही. तरीही त्याचे उदाहरण येथे उपयोगी आहे, कारण जे पांढरे डोके ही त्याची जगप्रसिद्ध खूण, तीच संध्याकाळी निरीक्षकाला दगा देते. एक तर हे डोके पूर्ण पांढरे व्हायला जन्मानंतर सुमारे पाच वर्षे लागतात, त्यामुळे त्याआधीची सगळी पिल्ले व तरुण पक्षी तपकिरी, ठिपक्याठिपक्यांचे असतात आणि सोनेरी गरुडाशी त्यांची गल्लत होते. दुसरे असे, की मावळतीच्या उजेडासमोर आलेल्या पूर्ण वाढलेल्या पक्ष्याचे डोकेही काळेच दिसते. म्हणून तेथील जाणकार रंगाऐवजी पंखांची ठेवण पाहतात. बाल्ड ईगल तरंगताना पंख फळीसारखे सपाट धरतो, तर सोनेरी गरुडाचे पंख किंचित वर उचललेले असल्याने समोरून उथळ ‘व्ही’ अक्षराचा आकार दिसतो. हिवाळ्यात हे गरुड पाण्याजवळच्या उंच झाडांवर रात्रीसाठी एकत्र जमतात आणि त्यांची मोजणी करणारे लोक नेमके त्याच वेळी तेथे थांबतात. आकृती, पंखांची ठेवण, उडण्याची लय आणि रातथाऱ्याकडे जाण्याची दिशा ही जी चार साधने त्यांच्या हाताशी असतात, तीच मंडईतल्या निरीक्षकालाही पुरतात.

घारीची लांबी चोचीच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत सुमारे ६० सेंटिमीटर भरते आणि पसरलेल्या पंखांचा विस्तार साधारण १४० सेंटिमीटरच्या आसपास असतो. म्हणजे कावळ्यापेक्षा ती लांबीला दीडपट, परंतु हवेत कावळ्याच्या मानाने कितीतरी मोठी भासते, कारण तिचे पंख लांब आणि अंग हलके असते. शेपटी मिटलेली असताना टोकाला दुभंगलेली दिसते. ही खूण बहुतेकांना ठाऊक असते, पण तिच्यावर पूर्ण भिस्त ठेवता येत नाही, कारण घारीने वळण घेताना शेपटी पंख्यासारखी उलगडली की मधली खाच जवळजवळ नाहीशी होऊन कड सरळ दिसते, आणि पिसे गळून नवी येण्याच्या काळात शेपटीतले एखाददुसरे पीस नसले तर आकार आणखी बिघडतो. त्यापेक्षा शेपटीची हालचाल अधिक खात्रीची असते. घार तरंगत असताना तिचे पंख क्वचितच हलतात, पण शेपटी मात्र सतत डावीकडे-उजवीकडे कलती होत असते, जणू नावाड्याच्या हातातले सुकाणूच. एवढ्या अखंडपणे शेपटी पिळत उडणारा दुसरा मोठा पक्षी पुण्याच्या आकाशात नाही. शंभर मीटर अंतरावरून, नुसत्या डोळ्यांनी आणि अंधुक उजेडातही ही हालचाल कळते.

पंखांच्या टोकांना हाताच्या बोटांसारखी सुटी सुटी पाच-सहा पिसे दिसतात आणि पंख मनगटाशी, म्हणजे पंखाच्या पुढच्या कडेवरील सांध्याशी, किंचित मोडलेला असतो. समोरून पाहिल्यास पंख सपाट किंवा टोकांकडे जरासे खाली झुकलेले वाटतात. उजेड पुरेसा असेल तर डोळ्यामागचा गडद पट्टा, पिवळे पाय आणि कोवळ्या पक्ष्याच्या छातीवरील फिकट रेघोट्या दिसतात. पण संध्याकाळच्या निरीक्षणात हे तपशील म्हणजे वरकमाई समजावी. आवाजाची मदत मात्र अंधार पडत आला तरी मिळते. घारीची हाक म्हणजे बारीक, लांबलेली, मध्येच थरथरणारी शीळ असते, आणि रातथाऱ्यावर जागेसाठी चाललेल्या कुरबुरीत ती पुन्हा पुन्हा ऐकू येते.

संध्याकाळी रंग का फसवतात, याचे कारण माणसाच्या डोळ्यातच आहे. डोळ्याच्या पडद्यात दोन प्रकारच्या प्रकाशपेशी असतात: शंकूपेशी भरपूर उजेडात काम करतात आणि रंग ओळखतात, तर दंडपेशी मंद उजेडात काम करतात पण त्यांना रंगांतला फरक कळत नाही. उजेड ओसरू लागला की काम शंकूपेशींकडून दंडपेशींकडे सरकत जाते. दंडपेशी तांबड्या प्रकाशाला फारशी दाद देत नाहीत, म्हणून तांबडे-विटकरी रंग सर्वांत आधी काळवंडतात आणि निळसर रंग त्या मानाने उजळ वाटतात. चेक शास्त्रज्ञ यान पुर्किन्ये यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हा बदल नोंदवला आणि तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. ब्राह्मणी घारीसारख्या विटकरी अंगाच्या पक्ष्याबाबत याचा परिणाम असा होतो, की दुपारी जे अंग नव्या कौलासारख्या रंगाचे असते ते सूर्यास्तानंतर काही मिनिटांत काळपट दिसू लागते. याखेरीज अंधाराला पूर्ण सरावायला डोळ्यांना वीस ते तीस मिनिटे लागतात, आणि या काळात मोबाइलच्या पडद्याकडे किंवा दुकानातल्या झगझगीत दिव्याकडे पाहिले की तो सराव पुन्हा पहिल्यापासून सुरू करावा लागतो. मंडईत दिवे टाळणे अवघडच. निदान गाळ्यांकडे पाठ करून उभे राहावे.

दुर्बीण निवडतानाही उजेडाचाच हिशेब करावा. दुर्बिणीवर ८×४२ किंवा १०×२५ असे आकडे असतात. त्यांतला पहिला आकडा प्रतिमा किती पट मोठी दिसते ते सांगतो आणि दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये देतो. दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागले की डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशझोताची जाडी मिळते. ८×४२ दुर्बिणीत ती सव्वापाच मिलिमीटर भरते आणि खिशात मावणाऱ्या १०×२५ मध्ये केवळ अडीच. संध्याकाळी माणसाची बाहुली पाच ते सात मिलिमीटरपर्यंत रुंदावत असल्याने लहान दुर्बिणीतून पक्षी मोठा दिसतो खरा, पण अंधारात बुडालेला दिसतो. दुर्बीण कोणतीही असो, सूर्य क्षितिजाखाली पूर्ण जाईपर्यंत ती मावळतीकडे रोखू नये; भिंगातून एकवटलेल्या सूर्यप्रकाशाने डोळ्याला कायमची इजा होते आणि हा नियम मुलांना आधी सांगावा.

सूर्यास्ताची वेळ पुण्यात नोव्हेंबरच्या अखेरीस सहाच्या थोडी आधी, तर जुलैच्या सुरुवातीला सव्वासातच्या सुमारास असते. सूर्य क्षितिजाखाली सहा अंश जाईपर्यंतच्या उजेडाला नागरी संधिप्रकाश म्हणतात आणि पुण्याच्या अक्षांशावर तो जेमतेम बावीस-तेवीस मिनिटे टिकतो. युरोप-अमेरिकेच्या उत्तर भागात, जेथे सूर्य तिरका मावळतो, तेथील निरीक्षकाला उन्हाळ्यात याच्या दुपटीहून जास्त वेळ मिळतो. महाराष्ट्रात झटपट अंधारते. म्हणून सूर्यास्ताच्या निदान पाऊण तास आधी जागेवर असावे, कारण घारींच्या हालचालींतला सर्वांत बोलका भाग सूर्यास्तापूर्वीच घडून जातो.

त्याचे कारण हवेत आहे. दिवसा तापलेल्या जमिनीवरची, पत्र्यांवरची आणि सिमेंटच्या गच्च्यांवरची हवा गरम होऊन वर चढते. तिच्या या वर जाणाऱ्या स्तंभाला ऊर्ध्वगामी प्रवाह म्हणतात आणि घारी त्यात गोल गोल फिरत, पंख न हलवता उंची गाठतात. ऊन उतरू लागले की हे प्रवाह दुबळे होतात. जुन्या पेठांमधले छपरांचे दाट जाळे उष्णता थोडा वेळ धरून ठेवते, त्यामुळे मंडईवर घारी साडेपाचच्या उन्हातही घिरट्या घालताना दिसतात. पण त्यांच्या घिरट्या हळूहळू खाली येतात, मध्ये मध्ये पंखांचे चार-सहा सावकाश फटकारे मारावे लागतात आणि मग एकेक पक्षी वर्तुळ सोडून सरळ रेषेत निघतो. हाच क्षण टिपायचा असतो. वर्तुळात फिरणारा पक्षी अन्न शोधत असू शकतो, पण सरळ निघालेला पक्षी बहुधा रातथाऱ्याकडे चाललेला असतो, आणि पाठोपाठ चार-पाच घारी एकाच दिशेने गेल्या तर त्या दिशेला झाडांचा एखादा मोठा समूह असणार हे समजावे. शहरात असे रातथारे नदीकाठच्या, जुन्या बागांतील आणि कॅन्टोन्मेंट भागातील उंच झाडांवर असतात. विणीच्या काळात जोडीतले पक्षी घरट्याजवळच रात्र काढतात. एरवी मात्र घारी मोठ्या संख्येने एकत्र झोपणे पसंत करतात. रात्री त्यांना बाहेर राहून उपयोगही नसतो: दिवसा शिकार करणाऱ्या पक्ष्यांची नजर भर उजेडात माणसापेक्षा तीक्ष्ण असली, तरी उजेड घटला की तिची धार झपाट्याने बोथट होते.

अंतराचा अंदाज बांधण्याची एक सोपी रीत येथे सांगण्याजोगी आहे. हात पूर्ण लांब करून धरलेल्या करंगळीची रुंदी डोळ्याशी साधारण एक अंशाचा कोन करते. घारीच्या पसरलेल्या पंखांचा विस्तार करंगळीमागे नेमका झाकला गेला, तर ती सुमारे ऐंशी मीटर दूर आहे. निम्म्या करंगळीत मावली, तर दीडशे-एकशेसाठ मीटर. एकदा अंतर कळले की आकार कळतो, आणि आकार कळला की अर्धे उमेदवार आपोआप बाद होतात.

उरलेल्या उमेदवारांत कावळा सर्वांत आधी येतो. तोही त्याच वेळी रातथाऱ्याकडे निघतो, पण तो तरंगत नाही. ठरावीक लयीत पंख मारत राहतो आणि त्याची शेपटी टोकाला गोलसर असते. कावळे घारीच्या मागे लागून तिला सतावतात, तेव्हा दोन्ही आकृत्या शेजारी दिसतात आणि नवख्याला त्याहून चांगला धडा नाही. गायबगळे ओळीने किंवा बाणाच्या टोकासारखी रचना करून नदीकडे जातात. त्यांची मान आखडलेली आणि पाय शेपटीमागे आलेले असतात. खरी फसगत होते ती फळे खाणाऱ्या मोठ्या वटवाघळाशी, कारण त्याच्या पंखांचा विस्तार मीटरभराहून अधिक असतो आणि काळोखी आकृती बघता बघता घारीएवढी वाटते. परंतु वटवाघूळ सूर्यास्तानंतरच बाहेर पडते, ते अखंड पंख मारत जाते, पंखांची मागची कड कमानीकमानींची असते आणि शेपटी दिसत नाही. घार घरी पोहोचल्यावर वटवाघूळ निघते, असा सर्वसाधारण क्रम लक्षात ठेवला तर गोंधळ उरत नाही.

ब्राह्मणी घार पेठांमध्ये क्वचित दिसते. तिचे ठिकाण म्हणजे पाणी. पाषाण तलाव, खडकवासला, मुळा-मुठेचा पुढचा प्रवाह आणि भिगवणजवळचा उजनीचा विस्तीर्ण जलाशय येथे ती पाहावी. पांढरे डोके, पांढरी छाती आणि विटकरी पंख अशा तिच्या रूपामुळे चित्रांतून बाल्ड ईगल पाहिलेल्या मुलांना तोच भारतात आला असे वाटते; प्रत्यक्षात ती आपल्या घारीहूनही किंचित लहान असते. तिच्या शेपटीचे टोक गोलाकार असते आणि तिच्या तपकिरी पिल्लाला घारीपासून वेगळे करणारी संध्याकाळची एकमेव भरवशाची खूणही तीच आहे. बाल्ड ईगलचा महाराष्ट्रातला खरा नातलग पाहायचा तर कोकण किनारा गाठावा लागतो. तेथील पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुड अलीकडेपर्यंत त्याच ‘हॅलिईटस’ प्रजातीत गणला जात असे. त्याच्या पंखांचा विस्तार सुमारे दोन मीटर असतो, शेपटी आखूड व पाचरीसारखी असते आणि तरंगताना तो पंख ठळकपणे वर उचलून धरतो. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने कोकणातील त्याच्या घरट्यांचा मागोवा घेऊन मोलाचे काम केले आहे. पुणे जिल्ह्यातल्या माळरानांवर हिवाळ्यात येणारे भोवत्या पक्षीही पंख असेच वर धरतात, पण ते गवतालगत, अगदी खालून, झोकांड्या खात उडतात आणि रात्री गवतातच जमिनीवर एकत्र झोपतात.

हिवाळ्यात नेहमीच्या घारींमध्ये अधूनमधून एखादी जास्त थोराड, पंखाखाली मोठा फिकट डाग असलेली घार मिसळलेली असते. ही काळ्या कानाची घार, ‘लिनिएटस’ उपजातीची. दिल्लीत अशा घारींच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेली यंत्रे बसवून केलेल्या अभ्यासात त्या हिमालय ओलांडून मध्य आशियात आणि सायबेरियाच्या दिशेने विणीसाठी जातात हे सिद्ध झाले आहे. पंखाखालचा डाग संधिप्रकाशात हरवतो, म्हणून या पाहुणीची खात्री करायची असेल तर उन्हे तिरपी होऊन पंखांच्या खालच्या बाजूवर पडतात तो सूर्यास्तापूर्वीचा अर्धा तास साधावा.

घार शहरात का राहते, याचे उत्तर अन्नात आहे. उंदीर, सरडे, मोठे किडे, जखमी पक्षी हे ती पकडतेच, पण तिचा मोठा आधार म्हणजे माणसाने टाकलेले मांस-मासळीचे तुकडे. गणेश पेठेतील मासळी बाजार किंवा कॅम्पातील शिवाजी मार्केट अशा ठिकाणी तिचे कसब जवळून पाहता येते. टाकलेल्या आतड्याच्या तुकड्यावर ती थेट येत नाही. आधी दोन-तीनदा कमी उंचीवरून जाऊन तारा, माणसे आणि कुत्री यांचा अंदाज घेते, मग पंख अर्धे मिटून तिरकी खाली येते आणि चोच नव्हे, तर पाय पुढे काढून तुकडा उचलते. जमिनीवर ती बहुधा उतरतच नाही. वर चढता चढता एक पाय पोटाखालून पुढे घेते, मान वाकवते आणि उडतानाच खाऊ लागते. आकाशात पाय चोचीशी नेऊन खाणारी आकृती दिसली, की मग ती शेपटीशिवाय दिसली तरी घारच समजावी. गिधाडांच्या नाशानंतर शहरांतले हे सफाईचे काम अधिकच घारी, कावळे आणि भटकी कुत्री यांच्यावर येऊन पडले. जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामकामुळे भारतातील पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या नव्वदच्या दशकापासून ९९ टक्क्यांहून अधिक घटली आणि या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर २००६ मध्ये बंदी आली. एखादा सर्वत्र दिसणारा पक्षी किती वेगाने दिसेनासा होऊ शकतो, याचे याहून ठळक उदाहरण नाही, आणि म्हणूनच घार विपुल असतानाच तिच्या नोंदी होणे गरजेचे आहे.

घारीची वीण महाराष्ट्रात मुख्यतः हिवाळ्यापासून उन्हाळ्याच्या सुरुवातीपर्यंत चालते. वड, पिंपळ, वर्षावृक्ष अशा उंच झाडांच्या बेचक्यात, कधी मनोऱ्यांवरही, काटक्यांचे ओबडधोबड घरटे असते आणि त्यात चिंध्या, तारा व प्लॅस्टिक सर्रास सापडते. स्पेनमधील घारींच्या अभ्यासातून, २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, घरट्यातले पांढरे प्लॅस्टिक केवळ योगायोगाने आलेले नसते, तर बलवान जोड्या ते शेजाऱ्यांना इशारा म्हणून मांडतात असे दिसून आले. अंडी दोन-तीन असतात आणि ती उबायला महिनाभर लागतो.

हिवाळ्यातली हीच वीण संक्रांतीच्या पतंगांशी गाठ घालते. नायलॉनचा मांजा हवेत दिसत नाही, संधिप्रकाशात तर मुळीच नाही, आणि रातथाऱ्याकडे सरळ रेषेत निघालेली घार त्यात पंखाच्या सांध्याशी अडकली की सुटायच्या धडपडीत स्नायू कापले जातात. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये नायलॉन व काचेचे लेपण केलेल्या मांजावर देशभर बंदी घातली. तरीही पेठांमधल्या झाडांवर आणि तारांवर तो महिनोन्‌महिने लोंबकळत राहतो. पतंग उडवून झाल्यावर गच्चीवरचा व आवाक्यातला मांजा गुंडाळून नष्ट करावा, आणि सूर्यास्तापूर्वीच्या तासाभरात पतंग उतरवून ठेवावेत. अडकलेली किंवा खाली पडलेली घार दिसल्यास ओढाताण न करता, तिच्यावर जाडसर कापड टाकून, हवा खेळेल अशा खोक्यात अंधारात ठेवावे, पाणी-अन्न बळेच भरवू नये आणि अग्निशामक दलाच्या १०१ किंवा वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर लगेच कळवावे. हा पक्षी वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित असल्याने तो घरी पाळता येत नाही.

निरीक्षणाची वही ठेवणाऱ्याने चार गोष्टी न चुकता लिहाव्यात: तारीख, सूर्यास्ताची वेळ, कोणत्या दिशेने किती घारी गेल्या आणि शेवटची घार किती वाजता दिसली. दरवर्षी फेब्रुवारीत जगभर होणाऱ्या परसदार पक्षीगणनेत, ज्यात भारत २०१३ पासून भाग घेतो, या नोंदी ई-बर्ड या खुल्या संकेतस्थळावर भरता येतात आणि त्यासाठी पंधरा मिनिटांचे निरीक्षणही पुरते. मंडईत भाजी घ्यायला जाणाऱ्या प्रत्येक पुणेकराने पिशवी भरल्यावर तेवढी पंधरा मिनिटे मनोऱ्याकडे पाहत काढावीत आणि नोंद अवश्य पाठवावी.